चंबळच्या बेहडातले विनोबा

कीर्तनात वाल्याची कथा लागली म्हणजे आम्हां कीर्तनकारांचा शेवट ठरलेला असतो. नारद भेटले, वाल्या घरी विचारून आला, पापात वाटेकरी कोणी नाही हे कळले, पाय धरले, नाम घेतले, अंगावर वारूळ वाढले, आणि वाल्याचा वाल्मीकि झाला. टाळ वाजतात, बायाबापड्या डोळ्यांस पदर लावतात, आरती होते. अध्यात्मरामायणात ही कथा आहे, तिथे उपदेश करणारे सप्तर्षी आहेत; आपल्याकडे नारद धरण्याची चाल आहे. तो भेद असो. मला टोचत राहिले ते निराळेच. वाल्याने ज्यांस मारले त्यांच्या घरच्यांचे पुढे काय झाले? आणि वाल्या वारुळात बसल्यावर त्याची बायकामुले कोणी पोसली? कथा तिथे बोलत नाही, आणि चाळीस वर्षांत मीही कधी बोललो नाही.

एक प्रसंग सांगतो, गावाचे नाव घेत नाही. सप्ताहात वाल्याचे आख्यान झाले आणि एक गृहस्थ रडत पुढे आला. दारू पिऊन बायकोला मारतो हे सगळ्या गावास ठाऊक. त्याने पाय धरले, माळ मागितली. मी मोठ्या उत्साहाने गळ्यात माळ घातली, गजर झाला. बायकांच्या बाजूस त्याची कारभारीण बसली होती. तिने मान वर केली नाही. ते मी पाहिले, पण तिला काही विचारले नाही. दोन वर्षांनी त्या गावी पुन्हा गेलो तो माळ गळ्यात होती, दारू सुटली होती, आणि मार चालूच होता. म्हणजे मी कथेचा शेवट केला होता, आणि त्या बाईच्या घरी तो शेवट पोहोचलाच नव्हता.

तेव्हापासून विनोबांचे चरित्र मी निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. विनोबा म्हटले की लोकांस भूदान आठवते. मला १९६० सालचा मे महिना आठवतो. पण तिथे जाण्यापूर्वी थोडे मागचे सांगितले पाहिजे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आता त्यास रायगड म्हणतात. आई रखुमाबाई मोठी भाविक; घरकाम करताना तिच्या तोंडी संतांची पदे असत. तिला गीता समजावी असे वाटे, पण संस्कृत येईना आणि मराठीतली भाषांतरे जड पडत. मुलानेच सोपी गीता लिहावी असे तिचे म्हणणे. आई १९१८ साली गेली. गीताई १९३०-३१ मध्ये लिहून झाली. आईने ती पाहिली नाही, पण महाराष्ट्रातल्या किती आयांच्या तोंडी ती बसली हे आपण जाणतोच.

वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस. मोठे व्यवस्थित, शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ, आणि मुलास मारीत. विनोबांनी स्वतःच हे पुढे आठवणींत सांगितले आहे. रोजचा मार. हाड दुखावणार नाही अशा बेताने, पण चुकत नसे. एके दिवशी बोलावणे आले नाही. विनूस वाटले, विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मार कायमचाच थांबला होता. मागाहून उलगडा झाला की मुलास सोळावे वर्ष लागले होते, आणि सोळा वर्षांच्या पुत्रास मित्राप्रमाणे वागवावे असे आपल्याकडे वचन आहे. वडिलांनी ते पाळले.

ह्या गोष्टीस विनोबा हसत असत. मी मात्र थबकलो. अहो, जो हात रोज उठत होता तो एका तिथीस थांबला! म्हणजे थांबवता येत होता. आमच्याकडे येणारा प्रत्येक मारकुटा म्हणतो की महाराज, राग आवरत नाही. पण सावकारापुढे त्याचा राग आवरतो. फौजदारापुढे तर फारच छान आवरतो. घरी जी मुकाट सोसते तिच्यापुढेच तेवढा आवरत नाही. तेव्हा राग आवरत नाही हे खोटे; आवरण्याची गरज त्यास वाटत नाही, हे खरे. शास्त्राचा धाक असलेल्या माणसास गरज वाटली, आणि हात थांबला.

पुढचे आयुष्य सर्वांस परिचित आहे, म्हणून भरभर सांगतो. १९१६ साली परीक्षेस निघालेले विनोबा वाटेत गाडी बदलून काशीस गेले. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींस भेटले आणि त्यांचेच झाले. १९२१ पासून वर्धा, पुढे पवनार. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलले. साने गुरुजी शेजारी बसून लिहून घेत होते, म्हणून ती गीताप्रवचने आपल्या हाती आली. ज्ञानोबाराय, नाथबाबा, तुकोबाराय यांची निवडक भजने विनोबांनी वेचून काढली. त्यांचा पिंड आपल्याच आळंदी-पंढरीच्या मातीचा.

१९५१ सालच्या एप्रिलात ते तेलंगणात गेले. तिथे जमिनीपायी रक्त सांडत होते. कम्युनिस्टांची हत्यारे एकीकडे, पोलिसांच्या बंदुका दुसरीकडे. गावांत शिरण्यापूर्वी हे गृहस्थ हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांस भेटले. आधी ज्यांच्यावर हिंसेचा आरोप आहे त्यांचे म्हणणे ऐकायचे, मग पुढे चालायचे. १८ एप्रिलला पोचमपल्लीस रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान जन्मास आले. पुढे तेरा वर्षे पायांस विसावा नाही.

त्या पदयात्रेत मारही खाल्ला. १९५३ सालच्या सप्टेंबरात बिहारात देवघरच्या वैद्यनाथास हरिजनांसह दर्शनास गेले असता तिथल्या पंड्यांनी काठ्या चालवल्या. विनोबांच्या कानावर मार बसला. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. आणि १९५८ साली सर्वोदय संमेलनासाठी पंढरपुरास आले तेव्हा निरनिराळ्या धर्मांची माणसे बरोबर घेऊन, मंदिराच्या व्यवस्थापकांच्या निमंत्रणाने ते विठ्ठलापुढे उभे राहिले. डोळ्यांस धारा लागल्या. अकरा वर्षांपूर्वी ह्याच दारासाठी साने गुरुजींनी प्राण पणास लावले होते. देवघर आणि पंढरपूर हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दार एकाच माणसापुढे एके ठिकाणी काठीने मिटले, दुसरे ठिकाणी प्रेमाने उघडले. आणि तो माणूस दोन्हीकडे सारखाच उभा होता.

आता चंबळ. आग्र्याच्या दक्षिणेस, जिथे उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमा जवळ येतात, तिथून चंबळा नदी वाहते. पाण्याने माती कापून कापून नदीकाठी कोसच्या कोस घळी पडल्या आहेत. तिकडचे लोक त्यांस बेहड म्हणतात. आत शिरलेला माणूस चार हातांवरून दिसत नाही. अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या दरोडेखोरांच्या टोळ्या नांदल्या. ते स्वतःस डाकू म्हणवीत नसत, बागी म्हणवीत. बहुतेकांची सुरुवात सारखीच. शेताच्या बांधावरून भांडण, भाऊबंदकी, कोणी अपमान केला, कोठे न्याय मिळाला नाही, खून पडला, आणि माणूस बेहडात उतरला. मग सूडावर सूड. खुनाचा बदला खून, आणि पोट भरण्यास दरोडे नि माणसे पळवून खंडणी. बंदूक हीच इभ्रत. मानसिंग नावाचा म्होरक्या ह्यांत फार गाजला. १९५५ साली तो आणि त्याचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीस बळी पडले. दुसरा मुलगा तहसीलदारसिंग पकडला गेला. त्यास फाशीची शिक्षा झाली आणि तो नैनीच्या तुरुंगात दिवस मोजीत होता.

विनोबा १९५९ साली काश्मिरात हिंडत असता त्यांस ह्या तहसीलदारसिंगाचे पत्र आले. मरणापूर्वी दर्शन व्हावे, आणि बाबांनी आमच्या मुलखात येऊन माझ्या साथीदारांस वाट दाखवावी, असा त्याचा आशय. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांस तुरुंगात त्याच्याकडे धाडले. हे सेनापती त्याच मुलखाचे. पुढे ते बेहडात उतरून बाग्यांस भेटले. सरकारशीही बोलणे झाले. लढाया खेळलेला माणूस निःशस्त्र होऊन डाकूंच्या घळीत जातो, हीच केवढी गोष्ट!

१९६० सालच्या मे महिन्यात विनोबा आग्र्याकडून त्या मुलखात शिरले. वैशाखाचा वणवा, अंग भाजणारी लू, आणि पासष्टीला टेकलेला, पोटाच्या दुखण्याने कृश झालेला माणूस रोज पहाटे उठून चालतो आहे. गावोगावी सभा. बोलणे साधेच. वाईट कोणी जन्मतः नसतो, चुकलेल्याने परत यावे, आणि शस्त्र टाकून यावे. पसायदानात ज्ञानोबारायांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनाचा वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले. आपण ते रोज म्हणतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. विनोबा ते मागणे घेऊन वाकड्या वाटेवरच गेले.

पहिल्याने एकटा रामअवतार आला. मग इतर. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मानसिंगाच्या टोळीतला लोकमन दीक्षित, ज्यास सगळे लुक्का म्हणत, आपल्या सोबत्यांसह आला. त्यांनी बंदुका विनोबांच्या पायांशी ठेवल्या. ज्यांच्या नावाने गावे संध्याकाळी दारे लावून घेत, ते हात जोडून भजनात बसले. एकंदर वीस जण आले.

कीर्तनकार इथे थांबतो, आणि आरती सुरू होते. मी म्हटले ना, तो आमचा रोग आहे. विनोबा थांबले नाहीत. त्यांनी त्या वीस जणांस माफीचे वचन दिले नव्हते. शरण आलात म्हणजे खून पुसले गेले असे नव्हे. तुरुंगात जा, खटल्यास उभे राहा, होईल ती शिक्षा भोगा, हे त्यांचे सांगणे. पोलिसांकडून छळ होणार नाही आणि पाठीमागे तुमच्या घरच्यांकडे पाहिले जाईल, एवढाच भरवसा त्यांनी दिला. त्यासाठी चंबळ घाटी शांती समिती स्थापन झाली.

लहानपणी पाठशाळेत धर्मशास्त्राचे जे थोडेबहुत पदरी पडले त्यात दोन गोष्टी मनूने स्पष्ट सांगितल्या आहेत. पापातून सुटण्यास आधी ते उघड बोलून दाखवावे लागते, मग अनुताप, मग तप. आणि दुसरे असे की राजाने दंड केला म्हणजे पापी मनुष्य पुण्यवंताप्रमाणे शुद्ध होतो. म्हणजे दंड हा शत्रू नव्हे, तो प्रायश्चित्ताचाच भाग. आपण मात्र अनुतापाचे अश्रू पाहिले की बाकीचे सारे माफ करून टाकतो, आणि ते माफ करण्याचा अधिकार आपला नसतोच. ज्याने मार खाल्ला त्याचा तो अधिकार. विनोबांनी हात जोडणाऱ्यास छातीशी धरले आणि त्याच पावली तुरुंगाच्या वाटेस लावले. ह्यातले एकच केले असते तर काम फसले असते. नुसते छातीशी धरले असते तर तो पुन्हा बेहडात जाण्यास मोकळा. नुसते तुरुंगात घातले असते तर पूर्वीचाच मानी बागी आतून अधिक कडवा होऊन निघाला असता.

तिसरी गोष्ट घरच्यांची. बाग्याची बायकामुले उपाशी राहिली किंवा त्याच्या वैऱ्यांच्या तावडीत सापडली, तर तुरुंगातला बाप स्वस्थ बसेल काय? आणि मुलगा मोठा होऊन बंदूक शोधणारच. सूडाची साखळी जिथून चालू होते तिथेच कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. शांती समितीचे कार्यकर्ते हे किचकट काम करीत राहिले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा तीच चूक करीन. ह्या सगळ्यावर त्या वेळी टीका झाली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांनी उघड नापसंती दाखवली. खुन्यांचा गौरव होतो आहे आणि त्यांच्याशी झुंजताना जे शिपाई मेले त्यांचा विसर पडतो आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुष्कळ सर्वोदयी मंडळींस त्याचा राग आला. मला येत नाही. ज्या मातेचा शिपाई मुलगा बेहडात पडला, किंवा ज्या घरचा कर्ता पुरुष खंडणीपायी मारला गेला, तिने लुक्कास हार पडताना पाहिले असेल तेव्हा तिचे काळीज काय झाले असेल? माझ्या त्या गावची बाई मान खाली घालून बसली होती, ती मला इथे दिसते. बदललेल्या माणसाचा सत्कार जरा बेताने करावा. पहिली चौकशी त्याच्या हातून ज्यांस सोसावे लागले त्यांची.

आणि विनोबा तर पुढे चालू लागले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते इंदुरास होते. मागे उरलेल्या थोड्या कार्यकर्त्यांवर सगळा भार. खटले लांबले, कोणास शिक्षा झाल्या, कोणी सुटले. वीस जण आले म्हणून चंबळ शांत झाली नाही. नव्या टोळ्या निघाल्या, नवे म्होरके झाले. विनोबा फसले, असे म्हणणारे पुष्कळ निघाले, आणि दहा-अकरा वर्षे त्यांचेच म्हणणे खरे दिसत होते.

तहसीलदारसिंगाची फाशी राष्ट्रपतींनी रद्द करून जन्मठेप दिली. तो शिक्षा भोगून बाहेर आला. लोकमनही बाहेर आला. तो बेहडात परतला नाही. पंडित लोकमन म्हणून साधेपणाने राहू लागला.

१९७१ साली विनोबा पवनारला होते. आदल्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. आश्रमाचे स्थान सोडायचे नाही असा नेम. अशा वेळी माधोसिंग नावाचा, ज्याच्यावर सरकारने मोठे इनाम लावले होते असा चंबळेचा बागी, निराळ्याच नावाने, ठेकेदार म्हणवीत विनोबांपर्यंत पोहोचला. आम्हांस शरण यायचे आहे, पुन्हा एकदा चंबळेस या, म्हणाला. नेम मोडता येत नव्हता. विनोबांनी त्यास जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाटण्यास जाण्यास सांगितले. जयप्रकाशजींनी प्रकृती बरी नसताना हे काम अंगावर घेतले. माझ्या मते विनोबांच्या मोठेपणाचा हा एक भाग आहे की जे काम आपल्या नावाने गाजले ते त्यांनी दुसऱ्याच्या हाती सहज दिले.

पण बेहडातल्या टोळ्यांस समजवायला जाणार कोण? जयप्रकाशजींस तिथे कोण ओळखणार? तेव्हा पुढे झाले ते तहसीलदारसिंग आणि लोकमन. अकरा-बारा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी विनोबा चालून गेले तेच आता निरोप्ये झाले. ज्या घळीत पूर्वी बंदूक घेऊन लपत होते तिथे रिकाम्या हाताने जायचे, आणि संशयी, भेदरलेल्या, बोटे चापावर ठेवून बसलेल्या माणसांस सांगायचे की आम्ही जाऊन आलो, तुरुंग भोगला, जिवंत आहोत, लोकांत राहतो आहोत. हे कोणत्या महात्म्याने सांगून पटले नसते. ज्याने स्वतः खून केले, कबूल केले आणि शिक्षा भोगली, त्याच्याच तोंडून ते पटले. दारू सुटलेला दारुड्यास जसा हात देतो तसेच हे.

१९७२ सालच्या एप्रिलात मुरैना जिल्ह्यातल्या जौरा येथे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी जयप्रकाशजींसमक्ष गांधीजींच्या तसबिरीपुढे शस्त्रे ठेवली. पुढच्या काळात आणखी आले, आणि संख्या चारशेच्या वर गेली. ह्यांसही माफी नव्हती, तुरुंग होता. मध्य प्रदेश सरकारने मुंगावलीस त्यांच्यासाठी खुला तुरुंग उघडला, तिथे भिंतींऐवजी शेती होती. तिथे शिक्षा भोगून कित्येक जण गावी परत गेले आणि नांगराला लागले.

विनोबा ते पाहावयास गेले नाहीत. नेम होता ना. पवनारच्या धाम नदीकाठी बातम्या येत, ते ऐकत, आणि पुन्हा विष्णुसहस्रनामाकडे वळत. १९८२ सालच्या नोव्हेंबरात दुखणे आले, तेव्हा त्यांनी अन्न, औषध आणि पाणी सोडले, आणि १५ तारखेस, दिवाळीच्या दिवशी, शांतपणे देह ठेवला.

त्या गावी मी मागल्या माघात पुन्हा गेलो होतो. वाल्याचे आख्यान लावले नाही. कीर्तनाआधी त्या घरी गेलो, आणि पहिल्याने त्या बाईला विचारले की माउली, तुझे काय म्हणणे आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग बोलू लागली, तेव्हा कीर्तनास उशीर झाला. मंडळी खोळंबली होती, पण मी उठलो नाही. तो गृहस्थ उंबऱ्याशी उभा राहून सगळे ऐकत होता.